झाकण उघडलं की वायफाय गायब: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून विकलेल्या लॅपटॉपचे वायफाय सस्पेंडनंतर (झोपेनंतर) चालू न होणे; कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरमधील (वायफाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) दोष; दुरुस्ती, बदली किंवा परतावा मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

तुमच्या तंत्र विभागानं माझी तक्रार ‘निकाली’ असा शेरा मारून बंद केली आहे. शेवटचा सल्ला होता, सेटिंगमध्ये जाऊन सस्पेंड बंद करा, लॅपटॉप झोपूच देऊ नका. हा निकाल मला मान्य नाही. तक्रार पुन्हा उघडावी आणि ती कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदी) वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. ही प्रत मी सगळ्यांना वाचता येईल अशी टाकते आहे, म्हणून तिच्यातून कंपनीचं आणि मॉडेलचं नाव काढलं आहे. तुमच्याकडे स्पीड पोस्टानं येणाऱ्या प्रतीत बिल आणि सिरीयल नंबरसकट सगळं आहे.

मी कोल्हापुरात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे प्रोग्रॅम करून देते. स्वतःचा कारखाना नाही, हाताखाली कुणी नाही. शिवाजी उद्यमनगरातली काही वर्कशॉप्स, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली काही, असं माझं काम. फौंड्रीतून कास्टिंग आलं की त्याचा प्रोग्रॅम मी बसवते आणि मशीनला लावलेल्या वायफायच्या पेटीतून तो कंट्रोलरवर चढवते. पहिला पीस निघाला की मोजायचं, एखादा कट बदलायचा, पुन्हा चढवायचा, आणि झाकण मिटून पुढच्या मशीनकडे जायचं. तिथून लॅपटॉप पिशवीत, पिशवी स्कूटरवर, आणि पुढचा कारखाना. म्हणजे दिवसभर झाकण मिटणं आणि उघडणं हेच चाललेलं असतं. झोपू न देता चालू लॅपटॉप मे महिन्यात पिशवीत कोंबून मी शिरोलीपर्यंत जावं असं तुमच्या प्रतिनिधीला वाटत असेल, तर त्यांनी एकदा स्वतः तसं करून पाहावं.

होतं असं. झाकण उघडलं की पडदा लगेच येतो, उघडी ठेवलेली फाइल जिथल्या तिथं असते, कीबोर्ड चालतो. वायफाय तेवढं मेलेलं. यादीत एकही नेटवर्क नाही. पुन्हा स्टार्ट केलं की सगळं ठीक, पुढच्या झोपेपर्यंत. गोकुळ शिरगावातले एक जुने ऑपरेटर मामा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, “ताई, मशीन जागं झालंय, पर नेट अजून झोपलंयच की!” तुमच्या विभागाकडून आलेल्या कुठल्याही ईमेलपेक्षा हे निदान जास्त अचूक आहे. त्याचाच विस्तार पुढं करते.

तुमच्या लोकांनी आधी राउटर बदलून बघायला सांगितलं. मग नेटवर्क जोडून देणारा नेटवर्क-मॅनेजर हा प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला सांगितलं, मग वायफाय कुठं अडवलंय का ते दाखवणारं आरएफकिल बघायला. आरएफकिलमध्ये काही अडवलेलं नाही. नेटवर्क-मॅनेजर बिचारा वरच्या मजल्यावर बसतो. खाली कार्डच उत्तर देत नसेल तर त्याला कितीही वेळा उठवून बसवून काय होणार? कर्नलचा लॉग, म्हणजे डीमेसेज, मी पहिल्याच ईमेलला जोडला होता. जागं झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत त्यात तुमच्या ड्रायव्हरच्या नावानं एकच ओळ पुन्हा पुन्हा येते: फर्मवेअरकडून उत्तर नाही, वेळ संपली. (फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम.) ही ओळ कुणी वाचल्याचं एकाही उत्तरावरून दिसत नाही.

त्यानंतर फॅक्टरी इमेज, म्हणजे कंपनीतून आली तशी पूर्ण सिस्टीम, नव्यानं घाला असा आदेश आला. तोही पाळला. त्या इमेजमध्येही तोच ड्रायव्हर आहे, त्यामुळं दुखणं तसंच राहिलं. शेवटी एका प्रतिनिधींनी ऐकवलं की “लिनक्समध्ये स्लीपचा थोडा प्रॉब्लेम असतोच.” दोष लिनक्सचा की तुमचा, हे शोधायला कर्नलमध्येच सोय आहे, म्हणून मी ते शोधलं.

या मॉडेलच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जुन्या एस-थ्री झोपेची सोय ठेवलेली नाही. पॉवर फोल्डरमधली मेम-स्लीप ही फाइल वाचली की फक्त एस-टू-आयडल दिसतं. एस-थ्रीमध्ये रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज जाते आणि उठताना बायोस बरीच मांडामांड करून देतो. एस-टू-आयडलमध्ये तो आधार नाही; प्रोसेसर निवांत पडून राहतो आणि उपकरणं नीट निजणं-उठणं त्यांच्या त्यांच्या ड्रायव्हरवर जास्तच अवलंबून राहतं. ही निवड तुमची आहे, तेव्हा तिला साजेसा ड्रायव्हर देणंही तुमच्याकडेच लागतं.

पीएम-टेस्ट नावाच्या सोयीनं झोपेचे टप्पे एकेक करून तपासता येतात. सांगितलेल्या टप्प्यापर्यंत कर्नल जातं, पाच सेकंद थांबतं आणि परत फिरतं. ‘फ्रीझर’ टप्प्याला, जिथं नुसते प्रोग्रॅम थांबवले जातात, वायफाय शाबूत राहिलं. ‘डिव्हायसेस’लाही राहिलं. ‘प्लॅटफॉर्म’ टप्प्याला गेलं. हा फरक फार बोलका आहे, कारण पीसीआय जोडणीवरच्या कार्डाची (हे वायफाय कार्ड त्यातलंच) वीज खरोखर खाली उतरते ती ‘डिव्हायसेस’च्या पुढच्या टप्प्यात. पीसीआयच्या नियमांत विजेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: डी-झीरो म्हणजे पूर्ण जागं, डी-थ्री-हॉट म्हणजे निजलेलं पण वीज लागलेली, डी-थ्री-कोल्ड म्हणजे मुख्य वीजच तोडलेली. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींत, या कार्डाच्या फोल्डरात डी-थ्री-कोल्ड-अलाउड नावाची फाइल आहे. तिच्यात शून्य लिहून वीज तोडायला मनाई केली, लॅपटॉप झोपवला, उठवला. वायफाय हजर. पुन्हा एक लिहिलं, पुन्हा गायब.

आणखी एक. वायफाय मेलेलं असताना लॅपटॉप बंद न करता, मोडप्रोब या कमांडनं तुमचा ड्रायव्हर नुसता काढून परत घातला, की बहुतेक वेळा कार्ड जिवंत होतं. म्हणजे कार्ड धड आहे. या कार्डाचं फर्मवेअर ड्रायव्हरनं डिस्कवरून चढवायचं असतं. वीज गेली की ते पुसलं जातं. ड्रायव्हर पहिल्यांदा घालताना ते चढवलं जातं. झोपेतून उठताना मात्र तुमचा ड्रायव्हर ते चढवतच नाही, ते तिथं आहेच असं धरून कार्डाशी बोलायला लागतो आणि उत्तराची वाट बघत बसतो.

आमच्या धंद्यात हे कुणालाही कळेल. मशीन नुसतं फीड-होल्डला (तात्पुरतं थांबवून) ठेवलं तर परत सायकल-स्टार्ट दाबून चालतं. पण जुन्या मशीनची मेन लाइन गेली, तर सगळे अक्ष आधी रेफरन्सला न्यावे लागतात, नाहीतर कंट्रोलरला आपण कुठं आहोत हेच माहीत नसतं. तुमचा ड्रायव्हर मेन लाइन गेल्यावरही फीड-होल्ड समजून सायकल-स्टार्ट दाबतो.

उरली शंका कर्नलची. डेबियन या लिनक्सच्या चालू आवृत्तीचा, इन्स्टॉल न करता चालणारा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून हाच लॅपटॉप, हेच कार्ड, डी-थ्री-कोल्डला मुभा ठेवून झोपवलं. लिनक्स कर्नलमध्ये या कार्डासाठी स्वतःचा ड्रायव्हर आहे, आणि त्यानं झाकण उघडताच फर्मवेअर पुन्हा चढवून वायफाय जोडलं. दोन्ही लॉग शेजारी ठेवून बघा. लिनक्सला झोपेचा प्रॉब्लेम असतोच, हे वाक्य या लॅपटॉपपुरतं तरी परत घ्यावं.

मग प्रश्न येतो, मूळ कर्नलचा ड्रायव्हर असताना तो तुम्ही बंद का केलात? मोडप्रोबच्या फोल्डरात तुमच्या नावाची एक फाइल आहे, तिनं तो ब्लॅकलिस्ट केला आहे आणि जागी तुमचा आयता बांधलेला ड्रायव्हर बसवला आहे. कर्नल स्वतः हे लपवत नाही: टेंटेड या फाइलमध्ये ४०९६ हा आकडा दिसतो, ज्याचा अर्थ कर्नलच्या झाडाबाहेरचा, म्हणजे कर्नलच्या मूळ कोडमध्ये नसलेला, ड्रायव्हर भरलेला आहे. अशा स्थितीत कर्नलवाल्यांकडे दाद मागायला गेलं, तर आधी तो बाहेरचा ड्रायव्हर काढून या, असंच ते सांगणार. आणि त्यांचं बरोबर आहे.

हा ड्रायव्हर एकाच कर्नल आवृत्तीसाठी बांधलेला असल्यामुळं तुम्ही कर्नलचं अपडेटही गोठवून ठेवलं आहे. बाकी पॅकेजेस नवी होतात, कर्नल जुनंच. कर्नलच्या आतली जोडणी आवृत्तीगणिक बदलत असते आणि झाडाबाहेर ठेवलेला ड्रायव्हर दरवेळी नव्यानं बांधावा लागतो, हे तो बनवणाऱ्याला माहीत असणारच. वायफाय जाण्यापेक्षा मला हे जास्त खटकतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या कर्नलमध्ये येत राहतात, त्या माझ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि या लॅपटॉपवर माझ्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज आहेत. मी स्वतः नवं कर्नल घालीन म्हटलं, तर तुमचं लेखी उत्तर आहे की मग वॉरंटी जाईल. कर्नल बदललं तर वॉरंटी नाही, न बदललं तर वायफाय नाही. या दोन्हींतलं काय विकलंत मला?

सध्या मी सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट ठेवून काम भागवते. झोपण्याआधी ती ड्रायव्हर काढते, उठल्यावर घालते. हे तुमच्या अभियंत्यांना फुकट देते आहे, दुसऱ्या गिऱ्हाइकांना तरी सांगा. पण याला दुरुस्ती म्हणून खपवू नका. अधूनमधून ड्रायव्हर निघतच नाही, अडकून बसतो, आणि मग बटण दाबून धरण्याशिवाय इलाज उरत नाही. डी-थ्री-कोल्डला कायमची मनाई केली तर झोपेतही कार्डाला वीज जात राहते आणि बॅटरी त्या मानानं उतरते.

आता सोर्सबद्दल, म्हणजे ड्रायव्हरच्या मूळ कोडबद्दल. मोडइन्फो ही कमांड लावून पाहिलं तर तुमच्या ड्रायव्हरचा परवाना ‘जीपीएल’ (सोर्स खुला ठेवायला लावणारा परवाना) असा नोंदलेला आहे. लिनक्स कर्नल १९९२ पासून जीपीएलखाली आहे आणि त्याला आवृत्ती दोन लागू होते. तिचं तिसरं कलम सांगतं की बायनरी (बांधलेला तयार प्रोग्रॅम) विकताना सोर्स सोबत द्यावा, नाहीतर मागेल त्याला तो देण्याची किमान तीन वर्षं टिकणारी लेखी तयारी दाखवावी. माझ्या खोक्यात यातलं काहीही नव्हतं. मी मागितल्यावर “ही माहिती गोपनीय आहे” असं उत्तर आलं. ते लिहिणाऱ्याला कृपया तो परवाना एकदा वाचायला द्या. या ड्रायव्हरचा आणि तुम्ही बदललेल्या कर्नलचा पूर्ण सोर्स मला हवा आहे, तो मी इथं लेखी मागते आहे.

मागण्या साध्या आहेत. एकतर उठताना फर्मवेअर चढवणारा दुरुस्त ड्रायव्हर द्या, किंवा मूळ कर्नलचा ड्रायव्हर वापरायला आणि कर्नल नवं ठेवायला परवानगी द्या, वॉरंटी अबाधित राहील असं लेटरहेडवर लिहून. दुसरा मार्ग तुम्हाला एका दिवसात जमण्यासारखा आहे. तेही नको असेल तर कार्ड एम-टूच्या खाचेत आहे, बदलून द्या. तुमच्या सर्व्हिस सेंटरला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत असेल तर ते अर्ध्या तासाचं काम आहे. यातलं काहीच जमत नसेल तर लॅपटॉप परत घ्या आणि बिलाची पूर्ण रक्कम द्या. जाहिरातीत तुम्ही ‘लिनक्ससाठीच बनवलेला’ असं छापलं होतं. ते पानही जोडलं आहे. विंडोज टाकून घ्या हा सल्ला त्यामुळं पुन्हा पाठवू नये.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूर जिल्हा आयोगात जाईन. या कायद्यात ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, त्यामुळं मला तुमच्या शहरात खेटे घालायला लागणार नाहीत, आणि पाच लाखांच्या आतल्या वस्तूला फीही नाही. ‘व्यापारी वापर’ म्हणून हात झटकण्याची तयारी कुणी करत असेल तर तीही सोडून द्यावी. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार आधीच नोंदवली आहे.

उत्तर ईमेलनं दिलंत तरी चालेल. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर करावा, आधी मी मशीनपाशी असते आणि तिथं काही ऐकू येत नाही. फोन करणाऱ्यानं त्याआधी जोडलेले दोन्ही लॉग वाचलेले असावेत.

आपली ग्राहक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव, पत्ता आणि फोन बिलावर आहेत)

सोबत: बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, जाहिरातीचं पान, तुमच्या ड्रायव्हरसह आणि डेबियनवर घेतलेले कर्नल लॉग, पीएम-टेस्टच्या नोंदी, मोडइन्फोचा मजकूर, आजवरचा ईमेल पत्रव्यवहार.