टोपी घातली की झाली नर्स?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. 'आपले मदतनीस'च्या पानावरचा डॉक्टर अजून कपाळावर गोल आरसा बांधून बसलेला असतो, हे लेखकाचं म्हणणं खरंच आहे. तो आरसा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा, आणि आता त्यांच्याकडेही क्वचितच दिसतो. पण 'हा चित्रकारांचा आळस' असं लिहून लेखकमहाशय मोकळे झाले, तिथे मात्र राहवलं नाही. बावीस वर्षं याच चित्रांवर माझं घर चाललंय.

तीन वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने बालवाडीच्या पुस्तकासाठी सोळा मदतनीस काढायला सांगितले. नर्ससाठी मी परवानगी काढून दोन दुपारी सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात बसलो. सिस्टरांच्या डोक्यावर टोपी नव्हती. चिकटपट्टीचे तुकडे आधीच फाडून ट्रेच्या कडेला ओळीने लावलेले, तळहातावर पेनाने बेड नंबर लिहिलेले. 'आजोबा, मूठ आवळा' म्हणत त्या शीर शोधत होत्या आणि आजोबा पंख्याकडे बघत होते. मी तेच काढलं, आजोबांसकट.

चित्र परत आलं. शेरा असा: 'नर्स वाटत नाही. टोपी द्या, टोपीवर लाल फुली द्या. आजोबा जागा खातात, काढा.' रेड क्रॉसचं चिन्ह असं वाटेल तिथे वापरायला १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याने मनाई आहे, असं मी नम्रपणे कळवलं. उत्तर आलं, 'मग गुलाबी करा.' नर्सऐवजी ब्रदर काढून पाहिला, तर तो म्हणे वॉर्डबॉय वाटतो. शेवटी छापली कोण? पांढऱ्या फ्रॉकातली, मुलाच्या दंडाएवढं इंजेक्शन हातात धरून हसणारी बाई. पोरं दवाखान्याच्या दारातच भोकाड पसरतात, त्यात नवल काय?

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबांना मिळून भाजी निवडायला बसवलं, डॉक्टर आणि वाहतूक पोलीस बाई दाखवली. ठरवलं की होतं. फक्त ते ठरवणारा माणूस ब्रश हातात धरणारा नसतो, एवढं लेखकांनी विचारलं असतं तरी कळलं असतं. आमच्या साताऱ्याच्या रेल्वे इंजिनचालक सुरेखा यादव सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या, निवृत्तही झाल्या. माझ्याकडे इंजिनात अजून मिशीवालाच मागतात. 'मुलांना ओळखू आला पाहिजे ना!' मुलांना कोणी विचारलंय, देव जाणे.

आळशी म्हणून माझी नाचक्की झाली असती, पण तीही सोय नाही. त्या पुस्तकात मुद्रकाचं नाव आहे, चित्रकाराचं नाही.

आता राहवत नाही म्हणून आणखी एक. या लेखासोबत तुम्ही छापलेला पोस्टमन बघितलात का? निळा कोट, गोरापान चेहरा, शेजारी खांबावर लाल निशाणाची टपालपेटी. आमच्या गल्लीतला पोस्टमन पार्सल दिलं की मोबाइलवर बोटाने सही घेतो आणि उन्हाला शिव्या घालत पुढे जातो. तुमच्या त्या चित्राखाली 'संग्रहित' असं छापलंय. हे संग्रहित कुठले राहणारे, तेवढं कळवावं.

आपला,
एक चित्रकार, सातारा