जेल नेलच्या मशीनचं जरा बघा

संपादक साहेब,
लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये पोरी नखांवरचं जेल नेलपॉलिश (टिकाऊ रंग) पक्कं करायला त्या जांभळ्या, म्हणजे यूव्ही (अतिनील) लाइटच्या डबीत हात घालून बसलेल्या असतात, माझी भाची पण. २०२३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या संशोधकांनी असंच मशीन लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या त्वचेच्या पेशींवर लावून बघितलं, एकदाच २० मिनिटं ठेवलं तर २० ते ३० टक्के पेशी मेल्या, लागोपाठ तीनदा ठेवलं तर ६५ ते ७० टक्के, आणि वाचलेल्यांच्या डीएनएत बिघाड. आता डिशमधल्या पेशी म्हणजे अख्खा हात नव्हे, कॅन्सर होतोच असंही नाही, तरी जीव खालीवर होतोच ना. पार्लरवाल्यांनी निदान बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे तरी द्यावेत.
– एक मावशी, ठाणे