मिशी माझी, कुंचला पाहुण्यांचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान चारवर आमच्या पेठेतल्या कला महोत्सवाची बातमी वाचली. फोटोत पाहुणे हसतमुखाने कुंचला धरून उभे, खाली डावीकडून पाच मान्यवरांची नावे. मागे अर्धी पाठ दिसते ती चित्रकाराची. बातमीत तो नुसता 'एक चित्रकार'. आणि त्याने ज्या 'एका वृद्धाचे' व्यक्तिचित्र काढले, तो वृद्ध मी. वृद्ध म्हटल्याचा राग नाही, ७१ पूर्ण झाली.

आता बातमीत नाही ते सांगतो. सकाळी नऊपासून फेटा बांधून मी बागेत लाकडी खुर्चीवर बसलो होतो. वीस मिनिटे बसायचे, पाच मिनिटे पाय मोकळे करायचे. परत त्याच जागी बसता यावे म्हणून चित्रकार पोराने खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या होत्या. नजर कुठे ठेवायची तेही ठरलेले, समोरच्या गुलमोहरात अडकलेल्या पतंगावर. काम जलरंगातले. दुसऱ्या विश्रांतीला उठून पाहिले तर माझ्या पांढऱ्या मिशीला त्याने रंगच लावला नव्हता. तिथे कोरा कागद सोडलेला, आणि भोवतीच्या सावलीतून मिशी अशी उठून आली होती की मी नकळत तिच्यावरून हात फिरवला. माझ्या हो, चित्रातल्या नव्हे.

गालावरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असतानाच पाहुणे आले. सूत्रसंचालकांनी माइकवरून चित्रकाराला उठवले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग भाषण. ओला कागद भाषण संपायची वाट बघत नाही. गालावर रंग वाळून कडक किनार पडली, वस्तरा लागल्यासारखी. तेवढे त्याने सावरलेही असते. पण फोटोग्राफरला 'ॲक्शन' हवी होती. पाहुण्यांनी कुंचला घेतला, गडद निळ्यात बुडवला आणि थेट माझ्या मिशीवर फिरवला. जलरंगात गेलेला पांढरा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आपण नेमका तोच क्षण छापलात, अभिनंदन. पाहुण्यांच्या अंगची कला तरी उजेडात आली.

बाबूराव मेस्त्रींना लोकांनी 'पेंटर' हेच आडनाव लावले ते याच कोल्हापुरात ना? चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी बसून तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, तेही इथेच. आणि वार्ताहराला रंगवणाऱ्याचे नाव विचारायला सवड नाही! चित्रावरची सही बघून लिहायचे, तर सही नाहीच. पोराने ती केली नाही. का, हे मी त्याला विचारले नाही. ते चित्र आयोजकांनी तिथल्या तिथे पाहुण्यांना भेट देऊन टाकले. निळी मिशी लावून मी आता कुणाच्या दिवाणखान्यात टांगला जाणार, देव जाणे.

जाता जाता, बागेतल्या नळाला त्या दिवशीही पाणी नव्हते. पोरगा बिसलेरीच्या बाटल्या विकत आणून कुंचले धूत होता. या नळाबद्दल मी आपल्याला आधी दोन पत्रे पाठवली आहेत, एकही छापून आलेले नाही.

हे छापणार असाल तर आयोजकांना फोन करून चित्रकाराचे नाव तेवढे विचारून घाला. माझे नको.

आपला,
एक वृद्ध
मंगळवार पेठ, कोल्हापूर