टेन्शन मशीनलाच असू द्या

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की ‘टेन्शन घेऊ नका’ असे मथळे आपल्या अंकातही दिसू लागतात. मी तुळशीबागेजवळ ब्लाउज शिवते. आमच्या धंद्यात टेन्शन ही हाताने फिरवायची गोष्ट आहे: मशीनवरच्या दोन चकत्या दोरा दाबून धरतात, त्यांचा स्क्रू सैल पडला की टिपेचा दोरा कापडाखाली गुंततो. इंग्रजीतही मूळ अर्थ ताणच, लॅटिनमधल्या ‘ताणणे’ या क्रियापदातून आलेला.

पण निकालाआधीची धाकधूक, पोर वेळेत घरी आली नाही की लागणारा घोर, हप्त्यांची विवंचना, साहेबांचे दडपण, कुणाला तोडून बोलल्याची रुखरुख, हे सगळे एकाच शब्दात कोंबायचे? घोर लागलेल्या बाईजवळ जाऊन बसावे लागते. विवंचनेतल्या माणसाला उसने पैसे हवे असतात. दोघांनीही नुसते ‘टेन्शन आहे’ म्हटले, तर शेजारणीने काय समजायचे?

रिक्षावाले ‘टेन्शन नही लेनेका’ म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. त्यात मजा आहे. मथळे लिहिणाऱ्यांनी मात्र अधूनमधून ‘धास्ती’ छापावी. एका अक्षराची जागाही वाचेल.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे