चि. शलाकास, चवथीनंतर

फोंडा, गोवा
भाद्रपद शुद्ध एकादशी

चि. शलाका हिस,
अनेक आशीर्वाद.

करमळीला तुझी गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. तू पाठमोरी होतीस, सामान वर चढवत होतीस. पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. त्यात तुझी चूक नाही. आदल्या रात्री मी जे बोललो त्यानंतर माझ्याकडे मेसेज कशाला येईल? आपण घरात भांडतो कोंकणीतून, पण मनातलं लिहायचं झालं की माझा हात मराठीकडे वळतो. शाळेत तीच सवय लागली. फोन केला तर मी पुन्हा आवाज चढवीन, म्हणून पत्रच बरं.

आधी ते एक मिटवू दे. ‘फुकटाच्या जिनसांवर नाचणारी’ असं मी तुला म्हणालो, तेही काकासमोर आणि आत्येसमोर. शब्द मागे घेतो. दोघांनाही फोन करून सांगितलं की माझं चुकलं. तू दिवसभर नोकरी करतेस आणि रात्री दोन-दोनपर्यंत, कंपन्या भेट पाठवतात त्या वस्तूंवरच्या तुझ्या व्हिडिओंची कापाकापी करत बसतेस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. इथे असताना तुझ्या खोलीतला दिवा मी पाहिलाय.

गालाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आईनेही तसं बजावलंय.

गणपतीवर फळांची माटोळी बांधताना मी शिडीवर होतो, हातात कवंडळांचा घोस, आणि दारात कुरियरवाला पोरगा. एक नाही, सात खोकी! गणपती मखरात बसायचा होता आणि ओसरीवर खोक्यांची रास. मला राग आला, खरंच आला. पण तुझा चेहरा बघून घोस हातातच राहिला. तोच चेहरा मी दुकानात पाहिला होता. तू पाच-सहा वर्षांची असशील. गल्ल्याशेजारच्या पोत्यावर बसायचीस, आणि चहाच्या पुड्याला चिकटवलेले चमचे, बिस्किटांबरोबर आलेले स्टिकर, टूथपेस्टसोबतचे ब्रश यांचे वेगवेगळे ढीग लावायचीस. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, मला चमचा नको, पोरीला द्या. मग तू तो फ्रॉकच्या खिशात घालून घरी आईला दाखवायला पळायचीस. तेव्हा मला केवढं कौतुक वाटायचं. या वस्तूंची गोडी तुला मीच लावली आणि आज तिच्यावरूनच मी तुला बोललो.

तर तिसऱ्या खोक्यात ती क्रीम होती.

हे बघ, शेवटी आलंच. संध्याकाळी खिडकीशी बसून तू ती लावलीस आणि फोनकडे बघून ‘किती हलकी आहे’ म्हणालीस. तेव्हा लावून दोन मिनिटंही झाली नव्हती. पाचव्या दिवशी उत्तरपूजेच्या वेळी तू उजवा गाल केसांनी झाकला होतास, वर काहीतरी फासलंही होतंस. पण निरांजन ओवाळताना उजेड खालून पडतो, बाय. मला दिसलं. आईला दिसलं. बोललं कोणी नाही.

तू निघाल्यावर डबी बेसिनवर राहिली होती. चाळीस वर्षं माल विकल्यामुळे डबा हातात आला की आधी उलटा करायची सवय आहे. तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, आत काय घातलंय त्याची यादी नाही. बाहेरून आली म्हणावं तर आयातीचा नोंदणी क्रमांकही नाही. सोनेरी अक्षरांत एवढंच की सात दिवसांत उजळपणा. आपल्याकडे असल्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, तरी गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये तो सापडतो. त्याने अंगावर पुरळ येतं, डाग पडतात, आणि सगळ्यात जास्त इजा होते ती मूत्रपिंडांना. या डबीत पारा आहे असं मी म्हणत नाही. पण नाही असं तू तरी कशावरून सांगशील? आणि तुझं ऐकून जी मुलगी ती विकत घेईल, तिने कोणाला विचारायचं?

भाषण झालं का? झालंच. माफ कर. पण आता जे सांगतोय ते भाषण नाही, आणि ते मी आईलासुद्धा अर्धंच सांगितलंय.

दिवाणखान्यातलं घड्याळ. त्याच्याखाली उभी राहून तू मागे एक व्हिडिओ केलास आणि ‘आमच्या जुन्या घराचं जुनं घड्याळ’ म्हणालीस. ते घराचं नाही, कंपनीचं आहे. तू दीड वर्षाची असताना एका साबणाच्या पावडरीची स्कीम आली होती. चाळीस खोकी खपवा, भिंतीवरचं घड्याळ न्या. त्या वेळी घरात एक गजराचं तेवढं होतं. मी येईल त्या गिऱ्हाइकाला तीच पावडर द्यायला लागलो. चांगली आहे, मी वापरतो, असं सांगायचो. वापरत नव्हतो. आपल्याकडे वडीच होती.

वाड्यावरची एक बाई चार घरची धुणीभांडी करायची. उधारीवर न्यायची, पण महिन्याच्या दोन तारखेला पैसे चुकते. तिला मी तीच पावडर दिली. आठ-दहा दिवसांनी ती दुकानात आली आणि उरलेला पुडा गल्ल्यावर ठेवला. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती, तळहातांवर लाल चिरा. मी म्हटलं, दुसऱ्या कशाने झालं असेल. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमी सांगलें म्हूण हांवें व्हेलें.” तुम्ही सांगितलंत म्हणून मी नेली. पुढचे तीन आठवडे तिला दोन घरचं काम सोडावं लागलं. मी तिची त्या महिन्याची उधारी खोडली. तिने ती पुढच्या महिन्यात आणून दिली. आणि नंतर ती आपल्या दुकानात आली नाही. बाजारात दिसायची, हसायची, पण सामान पलीकडच्या दुकानातून न्यायची.

घड्याळ चाळिसाव्या खोक्यानंतर आलं. मी ते परत केलं नाही. मी स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला. आजही त्याला मीच चावी देतो.

तुझा गाल बघितला तेव्हा मला ती बोटं आठवली. म्हणून तो राग. तो तुझ्यावरचा नव्हता.

दुसरी गोष्ट हिशेबाची, ती लवकर उरकतो. १ जुलै २०२२ पासून आयकरात एक नियम आलाय. धंद्यात मिळालेल्या भेटी एका देणाऱ्याकडून वर्षाला २० हजारांच्या वर गेल्या की १० टक्के टीडीएस. मला हे कळलं कारण डीलरला मिळणाऱ्या नाण्यांना आणि सहलींना ते लागतं, आणि तुमच्या खोक्यांनाही तेच लागतं. वस्तू परत केली तर प्रश्न नाही. ठेवून घेतली तर ती सरकारच्या लेखी तुझी कमाई. म्हणून एक वही कर. तारीख, वस्तू, पाठवणारा, बाजारभाव, ठेवली की परत केली. तू म्हणशील फोनमध्ये आहे. वही कर. आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलंय की वस्तू भेट मिळाली असेल तर ते व्हिडिओतच सांगायचं, दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. खालच्या बारीक मजकुरात लपवायचं नाही. दिशाभूल केली तर पहिल्याच वेळी दंड १० लाखांपर्यंत जातो. तू तो शब्द शेवटी, हॅशटॅगांच्या गर्दीत टाकतेस. मी शोधून पाहिला. पहिल्याच वाक्यात सांग ना, “हे मला भेट आलंय.” त्याने तुझी किंमत कमी होत नाही. त्या वेळी मी ‘मला या पावडरीवर घड्याळ मिळणार आहे’ असं म्हटलं असतं, तर त्या बाईने निदान थोडीच नेऊन बघितली असती.

सातव्या खोक्यातले लाडू मात्र मला आवडले. नाचणीचे, तूप जपून घातलेले, वर चौदा आकडी फूड लायसन्स नंबर, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी. एकटी बाई घरातून करून विकते असं त्यावरून दिसतं. तिचं कौतुक कर, पोटभर कर. पण पैसे दे, बाय. कंपनी जाहिरातीच्या खात्यातून डबी पाठवते, ही बाई तुला अर्धा किलो देते ते तिच्या घरखर्चातून. ती नको म्हणेल, तरी दे.

आता तुझं चांगलं सांगतो, ते नेहमी मागेच राहतं. तुझ्या सगळ्या व्हिडिओंत मला खतखत्याचा आवडतो. मी तो सतरा वेळा पाहिला, मोजून. आई म्हणाली होती, माझं तोंड दाखवायचं नाही, म्हणून तू फक्त तिचे हात घेतलेस. करांदे सोलताना, नीरफणसाचे तुकडे पाण्यात टाकताना, खोबरं वाटताना. शेवटी ती तिरफळं ठेचून टाकते तिथे तू काही बोलली नाहीस, नुसती पातेल्यावर वाकलीस आणि डोळे मिटलेस. तेवढ्यात कळलं की वास कसा असतो. पाववाला पोदेर पोयी द्यायला आला तेव्हा म्हणाला, तुमच्या चेडवाने दाखवलं तसं आमच्या घरी केलं. तो सायकलवरून गेल्यावर मी बराच वेळ गेटपाशी उभा होतो. आईला विचार.

त्या व्हिडिओसाठी तुला कोणी एक डबीसुद्धा पाठवली नाही. आणि त्यात तू एक शब्द खोटा बोलली नाहीस. मला एवढंच म्हणायचं होतं त्या रात्री, आणि तोंडातून भलतंच निघालं. तू म्हणालीस, “पप्पा, तुका कळना.” खरं आहे. फोनवरचं मला कळत नाही. पण समोरचा माणूस आपल्या शब्दावर पुडा उचलून घरी नेतो, ते मला कळतं.

पुन्हा भाषण. थांबतो.

आईने निळ्या पिशवीत तळाशी कोकमाची सोलां घातलीत, मे महिन्यात आपल्याच अंगणात सुकवलेली. गाडीत पाणी सांडलं होतं म्हणालीस, तर ती ओली झाली असतील. वर्तमानपत्रावर पसरून एक दिवस ऊन दे, नाहीतर बुरशी धरेल. खोल गावच्या मिरच्या वेगळ्या कागदात आहेत, आणि उकड्या तांदळाची पिशवी काकाने दिलीय. नेवऱ्या ऑफिसात वाटू नकोस, थोड्याच आहेत. रात्री उशिरा काम असलं तर निदान पेज करून घे, त्याला काही वेळ लागत नाही. बाहेरचं मागवून खातेस हे तुझ्या व्हिडिओतल्या त्याच त्या टेबलावर दिसतं.

ती डबी मी फेकलेली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे आणि उद्या कुरियरने तुझ्याकडे पाठवतोय. लावायला नव्हे. कातडीच्या डॉक्टरकडे जाशील तेव्हा ती बरोबर ने, आणि कधीपासून, दिवसातून किती वेळा लावलीस ते त्यांना सांग. इथे येण्याआधी दुसरी कुठली लावली असशील तर तेही सांग. लघवीची तपासणी करायला सांगितली तर टाळू नकोस. पैसे मी पाठवतो. तू मिळवतेस ते ठाऊक आहे, तरी हे माझे घे.

आणि गालाचा एक फोटो पाठव. सकाळी, खिडकीजवळ उभी राहून, चेहऱ्याला काही न लावता. आईच्या फोनवर पाठवलास तरी चालेल.

तुझा,
पप्पा