संगणक घेताना पाचव्या वर्षाचा विचार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली किंवा जूनमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की वृत्तपत्रांत ऑल-इन-वन संगणकांच्या जाहिराती झळकू लागतात. पडद्याच्या पाठीशीच सारा संगणक, भिंतीकडे जाणारी एकच वायर आणि टेबलावर पसारा नाही, असे हे यंत्र दिसायला देखणे असते यात शंका नाही. तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने दरपत्रके मागवण्यापासून बिघडलेले यंत्र दुरुस्तीला पाठवण्यापर्यंतची कामे माझ्याकडे असतात. शिवाय मुलासाठी तयार ऑल-इन-वन घ्यावा की सुटे भाग निवडून डेस्कटॉप जोडून घ्यावा, हे विचारायला ओळखीचे पालकही येतात. ही चर्चा बहुतेक वेळा पहिल्या दिवसाच्या किमतीवर आणि रूपावर संपते. तेच यंत्र पाचव्या वर्षी कोणत्या अवस्थेत असेल, हे कोणी विचारत नाही.

ऑल-इन-वन हा डेस्कटॉपच्या वर्गात विकला जात असला, तरी त्याच्या आतली मांडणी बहुतांशी लॅपटॉपची असते. रॅम (कामापुरती मेमरी) लॅपटॉपची, पंखा लॅपटॉपसारखा, आणि अनेक मॉडेलांत प्रोसेसरही लॅपटॉपचाच. केंद्र सरकारने ३ ऑगस्ट २०२३ रोजी आयातीवर निर्बंध घालणारी जी अधिसूचना काढली, तिच्यातही ऑल-इन-वनचे नाव लॅपटॉप आणि टॅबलेटच्या जोडीने होते. नेहमीच्या डेस्कटॉपचे त्या यादीत नव्हते. ग्राहकाला मात्र हा फरक दुकानात कोणी सांगत नाही. ‘कोअर आय-५, बारावी पिढी’ एवढेच जाहिरातीत छापलेले असते आणि ते खोटेही नसते. पण नावाच्या शेवटी ‘यू’ हे अक्षर असलेला आय-५ १२३५यू हा प्रोसेसर लॅपटॉपसाठी बनवलेला आहे. त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट असून त्यात ताकदीचे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन आणि हलक्या कामाचे आठ असतात. डेस्कटॉपच्या आय-५ १२४०० मध्ये सहाच कोअर असतात, पण सहाही ताकदीचे, आणि मर्यादा ६५ वॅट. परिणामी सलग चालणाऱ्या जड कामात जो मागे पडतो, त्याच्याच जाहिरातीत ‘दहा कोअर’ असे ठळक अक्षरांत छापता येते! वाचनालयाच्या नोंदी, इन्स्क्रिप्ट कळफलकावरचे मराठी टंकलेखन किंवा ब्राउझरमधून चालणारे ई-ग्रंथालय यांसाठी दोन्ही प्रोसेसर पुरेसे आहेत. अभियांत्रिकीची त्रिमितीय ड्रॉइंग किंवा व्हिडिओ संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हा फरक रोज जाणवेल, आणि ऑल-इन-वनमध्ये नंतर ग्राफिक्स कार्ड बसवण्याची जागाच नसल्यामुळे तो भरूनही काढता येणार नाही.

खरा फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकामुळे कॅबिनेटमधली स्क्रूंची भोके, एसएमपीएसचा (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा) आकार आणि त्याचे प्लग ठरून गेले. त्यामुळे आजही एका कंपनीच्या मदरबोर्डाला (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाला) दुसऱ्या कंपनीचा एसएमपीएस चालतो. वाचनालयातला जोडून घेतलेला संगणक एके दिवशी चालूच होईना, तेव्हा गावातल्या मेकॅनिकने बाजूचे झाकण काढले, स्वतःजवळचा एसएमपीएस फक्त जोडून पाहिला आणि पंखा फिरताच दोष कुठे आहे ते सांगितले. नवा भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवला आणि काम लगेच मार्गी लागले. ऑल-इन-वनची गोष्ट निराळी. आमच्याकडील एका यंत्राच्या पडद्यावर उभ्या रेषा उमटू लागल्या, तेव्हा मागचे झाकण पातळ पट्टीने कडेकडेने सोडवताना प्लॅस्टिकच्या दोन खिट्ट्या तुटल्या. पॅनेलकडे, म्हणजे पडद्याच्या काचेकडे, जाणारी कागदासारखी पातळ केबल पाहून मेकॅनिकने हात आखडता घेतला. मदरबोर्ड त्या मॉडेलपुरताच बनवलेला आणि पॅनेल कंपनीच्या सेवाकेंद्राखेरीज मिळण्याची खात्री नाही, अशी स्थिती होती. सेवाकेंद्राने सांगितलेला खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करणारा होता. चित्र दुसऱ्या पडद्यावर नेणारी एचडीएमआयची बाहेर जाणारी जोडणी होती म्हणून जुना मॉनिटर लावून ते यंत्र आम्ही चालवले, पण मग टेबलावर दोन पडदे आले आणि ‘पसारा नाही’ हा गुणही संपला.

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात असावी लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनच अधिकृत यादीत आहेत. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, पडदा अजून लख्ख असलेले अनेक ऑल-इन-वन त्या यादीबाहेर राहिले. जोडलेल्या संगणकात मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलून कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी (माहिती साठवणारा भाग) आणि बहुतेकदा एसएमपीएसही पुढे वापरता येतो. ऑल-इन-वनचा पडदा मात्र आतल्या बोर्डाबरोबरच बाद होतो, कारण बाहेरून चित्र आत घेणारी एचडीएमआय जोडणी मोजक्याच मॉडेलांत असते. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून अशा यंत्राचा काही काळ उपयोग होतो, हे नमूद करायला हवे. आमच्या वाचकांना पुस्तकांची सूची पाहण्यासाठी ठेवलेले यंत्र तसेच चालते. ॲपलच्या २७ इंची आयमॅकला २०२० च्या मॉडेलापर्यंत मागच्या बाजूला रॅम बदलण्यासाठी छोटे झाकण असे. २०२१ पासूनच्या २४ इंची आयमॅकमध्ये मेमरी कायमची बसवलेली आहे. पुढे लागेल तेवढी मेमरी आजच विकत घ्या, असाच त्याचा अर्थ होतो.

जोडलेल्या संगणकाची बाजू मांडताना त्या धंद्यातील खोटही सांगायला हवी. ‘पक्के बिल हवे की कच्चे?’ हा प्रश्न अजूनही अनेक दुकानांत विचारला जातो, आणि १८ टक्के जीएसटी वाचवण्याच्या मोहात ग्राहक हमीच्या काळातला पुरावाच गमावतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी, मॉनिटर यांची हमी बहुधा प्रत्येकी तीन वर्षे किंवा अधिक असते, तर ऑल-इन-वनची अनेकदा एकच वर्ष. परंतु सुट्या भागांची ही हमी बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेला असेल तरच कामाला येते. त्यातच दुकानदार विनापरवाना विंडोज टाकून देतो आणि मग ‘ऑल-इन-वनपेक्षा दहा हजारांनी स्वस्त’ असा हिशेब सांगितला जातो, जो मुळातच चुकीचा आहे. एकटे राहणारे वयस्कर पालक, ज्यांना मुलांशी व्हिडिओवर बोलायचे आहे आणि बँकेचे व्यवहार पाहायचे आहेत, त्यांना मी स्वतः ऑल-इन-वनच सुचवतो. कॅमेरा आणि स्पीकर आतच असतात, तक्रारीसाठी एकच क्रमांक असतो आणि वीज कमी लागत असल्याने इन्व्हर्टरवर यंत्र अधिक वेळ चालते. मुंबईतल्या छोट्या घरात जागेचा मुद्दाही गौण नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे मेमरीचे उत्पादन वळले आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. सुटे भाग घेणाऱ्याला ही झळ थेट बसते, तर जुन्या साठ्यातला ऑल-इन-वन काही वेळा स्वस्त पडू शकतो. अशा वेळी जोडून घेणाऱ्याने सध्या आठ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आणि त्यानंतर नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाची, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते हे सांगणाऱ्या गुणांकनाची, चौकट सुचवली. तिच्या पहिल्या टप्प्यात मोबाइल फोन आणि टॅबलेट आहेत. पुढच्या टप्प्यात ऑल-इन-वनचा समावेश व्हावा, कारण शाळा, ग्रामपंचायती आणि वाचनालये ही यंत्रे सार्वजनिक पैशातून घेतात आणि किमान सात-आठ वर्षे चालतील असे गृहीत धरतात. तोवर निदान संस्थांनी तरी दरपत्रकाच्या नमुन्यात किमतीच्या रकान्याशेजारी काही रकाने वाढवावेत: प्रोसेसरचे अक्षरासह पूर्ण नाव, रॅम बदलता येते की कायमची बसवलेली आहे, बाहेरून चित्र आत घेणारी जोडणी आहे का, आणि हमी संपल्यावर पॅनेल व बोर्ड किती वर्षे आणि किती किमतीला मिळतील. आमच्या कार्यकारिणीने गेल्या खरेदीच्या वेळी हे रकाने घातले. शेवटचा रकाना एकाच विक्रेत्याने भरून पाठवला; त्याचे दर सर्वांत कमी नव्हते, म्हणून आम्ही कारण नोंदवून तसा ठराव केला आणि लेखापरीक्षकांनीही त्यावर आक्षेप घेतला नाही.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह,
जि. सांगली