एसएमपीएसमधली घरघर आणि ‘आवाज नॉर्मल’ हा शेरा

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय : डेस्कटॉपमधील आवाजाचे चुकीचे निदान व एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) बदलून मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

वॉरंटीत असलेला माझा डेस्कटॉप तुमच्या सेवा केंद्रातून तिसऱ्यांदा परत आला, आणि तिसऱ्यांदा घरघरतच आला. या वेळच्या जॉबशीटवर शेरा आहे, ‘दोष आढळला नाही. आवाज नॉर्मल.’ हा शेरा मला मान्य नाही.

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की दहा-पंधरा सेकंदांत आवाज सुरू होतो. आधी तेल न घातलेल्या बिजागरीसारखी कुरकुर, मग रिकाम्या डब्यात खडे घोळवावेत तशी घरघर. पाच-सहा मिनिटांत विरून जातो आणि दिवसभर पुन्हा येत नाही. रात्रभर बंद राहिला की दुसऱ्या सकाळी तेच. ‘फक्त थंड असताना’ हे शब्द मी पहिल्याच तक्रारीत लिहिले होते. जॉबशीटवर मात्र ‘नॉइज इश्यू’ एवढेच उतरले, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिल्या खेपेला तुमच्या टेक्निशियनने फोनवरच निकाल दिला की हार्ड डिस्क जातेय. ती बदललीही. बॅकअप होता म्हणून निभावले. पण जाऊ घातलेल्या डिस्कचा आवाज असा नसतो. वाचन जमले नाही की तिचे हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, पुन्हा पुन्हा मूळ जागी परतते, त्यामुळे ठरावीक अंतराने ‘टक्… टक्…’ असे येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी धडधाकट डिस्क एकसुरी गुणगुणते, हेड हलले की थोडी खुडबुडते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालात खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य आणि संशयित म्हणून प्रलंबित सेक्टरही शून्य होते. ती बदलण्याआधी अहवाल पाहायला एक मिनिटही लागले नसते. दुसऱ्या खेपेला कॅबिनेटचे पंखे साफ झाले (त्याबद्दल आभार, धूळ खरोखरच होती). तिसऱ्या खेपेला वरचा शेरा मिळाला.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मीच साइड पॅनल काढून, कागदाची सुरनळी कानाला लावून बसले. सुरनळीचे दुसरे टोक फिरवत नेले की आवाज नेमका कुठून येतो ते चांगले कळते. मात्र वेळ पाच मिनिटांचाच, म्हणून एका सकाळी एकच संशयित असे ठरवले. हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या; विंडोज वेगळ्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) असल्याने कॉम्प्युटर चालू झाला आणि घरघरही झाली. म्हणजे डिस्क निर्दोष सुटली. कॅबिनेटच्या दोन्ही पंख्यांचे कनेक्टर काढले, तरी घरघर होतीच. प्रोसेसरच्या पंख्याला मधल्या गोल भागावर बोट टेकवून दोन सेकंद थांबवले, काही फरक नाही. ग्राफिक्स कार्डाचे पंखे कमी तापमानाला फिरतच नाहीत, म्हणजे तेही बाद.

ग्राफिक्स कार्डाचा दुसरा एक आवाज आहे, तो यात मिसळू नये. गेम चालू असताना त्यातून बारीक शीळ येते. ती त्यातल्या कॉइलच्या कंपनाची. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मर्यादा ६० वर आणली की थांबते. तो स्वभाव आहे, बिघाड नाही, हे मला मान्य आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

उरला एसएमपीएस. सुरनळी त्याच्या जाळीजवळ नेताच आवाज कानात घुसला. तो कॅबिनेटच्या तळाशी आहे आणि त्याचा पंखा आडवा, जमिनीकडे तोंड करून फिरतो. पुढच्या सकाळी कॉम्प्युटर बंद असतानाच कॅबिनेट कुशीवर निजवून चालू केले, म्हणजे पंखा उभा झाला. घरघर नाही! त्याच्या पुढच्या सकाळी कॅबिनेट पुन्हा उभे केले, घरघर हजर. पंख्याच्या दांड्यावरचा भार बदलला की आवाज बदलतो, म्हणजे दोष तो दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगमध्ये आहे. स्लीव्ह बेअरिंगमधले (छर्‍यांऐवजी साध्या नळीत दांडा फिरतो ते) वंगण कमी झाले किंवा घट्ट झाले की थंडपणी ते असेच कुरकुरते. उष्णतेने वंगण पातळ होऊन पसरले की गप्प बसते. तुमच्या केंद्रातही बहुधा हेच झाले असावे. तिथे कॉम्प्युटर आधी तासभर चालू, मग टेक्निशियन ऐकणार. तोवर बेअरिंग शांत झालेले असते आणि ग्राहक खोटा ठरतो.

पंखा आज फिरतो म्हणून ‘नॉर्मल’ म्हणायचे असेल तर एवढे लक्षात घ्यावे की तो अडकला तर एसएमपीएस तापणार, आणि आतल्या प्रत्येक भागाला वीज त्यातूनच जाते. मी एसएमपीएस उघडलेला नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक विद्युतभार राहू शकतो, हे मला माहीत आहे. त्याचे सील शाबूत आहे. साइड पॅनल काढण्याची मुभा तुमच्याच पुस्तिकेत दिलेली आहे, तेव्हा त्या कारणावरून वॉरंटी नाकारू नये.

मला एसएमपीएस बदलून हवा आहे, वंगण घालून दिलेला जुना नको. जॉबशीटवरचा ‘दोष आढळला नाही’ हा शेरा दुरुस्त करून त्याची प्रत द्यावी, कारण पुढे काही जळले तर हाच कागद माझ्यासमोर धरला जाईल. आणि तीन खेपांत कॉम्प्युटर जितके दिवस तुमच्याकडे होता, तितके दिवस वॉरंटीत वाढवून लेखी कळवावे. तिन्ही जॉबशीटच्या प्रती, डिस्कचा अहवाल आणि उभ्या व आडव्या स्थितीतले आवाजाचे दोन व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

टेक्निशियन पाठवणार असाल तर त्याने सकाळी, मी कॉम्प्युटर चालू करण्याआधी यावे. अर्धा तास उशीर झाला तर ऐकायला काहीच उरणार नाही आणि त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागेल.

आपली,
एक ग्राहक